टाकी चार फुटांची, प्रश्न खालच्या कपाटाचा

पत्र: आमच्याकडे बरीच वर्षं गोड्या पाण्याची दोन फुटी टाकी आहे. आता मुलीला क्लाउनफिश हवेत, म्हणून ओळखीतून एक वापरलेली टाकी घेतली. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, काच १० मिलिमीटर. खाली कपाटात सम्प, म्हणजे टाकीचं पाणी फिरून साफ होतं ती छोटी टाकी, ठेवायचा आहे. घर डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, इमारत तीस वर्षांची. सासूबाई म्हणतात हॉलमधलं टीव्ही युनिट चांगलं दणकट आहे, त्यावरच ठेवा. सुतार म्हणतो ७१० प्लाय वापरू, आयुष्यभर बघायला नको. फॅब्रिकेटर म्हणतो खाऱ्या टाकीला लोखंडच हवं. तीन आठवड्यांनी मुलीचा वाढदिवस आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

टीव्ही युनिटचा विषय आधी मिटवू. सासूबाईंशी वाद घालू नका, वजनाचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. तुमची टाकी काठोकाठ भरली तर ९ घनफूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. वरचे दोन बोटं रिकामे, दगडांनी व्यापलेली जागा वजा, तरी २३० लिटरच्या आसपास पाणी राहील. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड, तेव्हा २३५ किलो. काचेचं वजन ५० किलो, दगड आणि वाळू मिळून तेवढंच. म्हणजे वरच्या फळीवर जवळपास ३४० किलो, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. टीव्ही पंधरा किलोचा असतो. बहुतेक टीव्ही युनिट पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची असतात. सनमायकाखाली दाबलेला भुसाच तो. एकदा पाणी शिरलं की फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर आणि मूळ ताकदीवर परत येत नाही. म्हणून नको.

आता खालचंही धरा. सम्पमध्ये ६० लिटर पाणी आणि त्याची काच मिळून ८० किलो, स्टँडचं स्वतःचं वजन ५०-६० किलो. एकूण पावणेपाचशे किलो, आणि ते उभं आहे सहा चौरस फुटांवर. चौरस मीटरला हे साडेआठशे किलोच्या घरात जातं. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या मानकात धरलेला भार चौरस मीटरला २०० किलो आहे. आकडा वाचून घाबरू नका. ते २०० किलो अख्ख्या खोलीभर एकाच वेळी पसरलेले धरतात, तुमची टाकी एका कोपऱ्यात आहे. पण कोपरा कोणता, हे महत्त्वाचं. ज्या भिंतीखाली किंवा भिंतीवर बीम आहे त्या भिंतीला लांबीची बाजू लावून ठेवा. खोलीच्या मधोमध, दोन खोल्यांमधलं पार्टिशन म्हणून वगैरे नको. आणि तुमच्या हॉलमध्ये बाल्कनी आत घेतलेली असेल तर त्या भागात अजिबात नको. फरशी सलग दिसते, पण खाली ती अजूनही बाहेर लटकणारी बाल्कनीच असते.

इमारत तीस वर्षांची आहे, म्हणजे सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ते करायचं असतं. सेक्रेटरींकडून अहवाल मागून वाचा. तुमच्या किंवा खालच्या घराच्या स्लॅबचं प्लास्टर सुटून सळ्या दिसत असतील तर स्टँडचं राहू द्या, आधी इंजिनिअरला दाखवा.

सुताराचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचं मानक. त्यातल्या चिकटाची कसोटी कडक आहे, तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटायला नकोत. बाजारात जो साधा कमर्शियल प्लाय मिळतो तो आयएस ३०३ मधला एमआर, म्हणजे फक्त दमट हवेपुरता. तो इथे चालणार नाही. दुकानात ‘मरीन’ या शब्दावर विसंबू नका, बिलावर काय लिहिलंय त्यावरही नको. शीटवरच आयएसआयचा छाप, खाली ७१० आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते कळतं. सुताराला शीट कापण्याआधी हे दाखवायला सांगा. कापल्यावर छापाचा भाग नेमका दुसऱ्याच तुकड्यावर गेलेला असतो.

निम्मं चुकीचं एवढ्यासाठी की ७१० चा शिक्का चिकटाबद्दल बोलतो. लाकूड पाणी पितंच. पृष्ठभागावरून फारसं नाही, पण करवतीने कापलेल्या कडेतून, स्क्रूच्या भोकातून, पाइपसाठी पाडलेल्या छिद्रातून भरपूर. आणि तुमच्याकडे ते पाणी खारं आहे. खाऱ्या टाकीच्या स्टँडचा खरा शत्रू सांडलेली बादली नाही. ती तुम्ही लगेच पुसाल. स्किमर म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी करणारं यंत्र, ओव्हरफ्लो म्हणजे टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरायची वाट. या दोन्हींतले बुडबुडे फुटताना बारीक तुषार उडतात, पाणी वाळतं आणि मिठाचा पांढरा थर मागे राहतो. तो वायरीवरून, पाइपावरून, काचेच्या काठावरून हळूहळू पसरत जातो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेतला ओलावा साध्या मिठापेक्षा कितीतरी आधी ओढतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे कपाटाच्या बंद अंधारात बिजागरीवर, स्क्रूच्या डोक्यावर, प्लायच्या कडेवर चालू असतं. जून ते सप्टेंबर तो थर वाळतच नाही. म्हणून स्टँड निवडताना जाडीपेक्षा कडा, सांधे आणि हवा यांच्याकडे जास्त बघायचं.

फॅब्रिकेटरचा मुद्दा ताकदीपुरता खरा आहे. ४० बाय ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, स्क्वेअर पाइप हे वजन आरामात पेलेल. पण तो पावडर कोटिंग करून देतो म्हणतो तेव्हा दोन गोष्टी विचारा. वेल्डिंगचे सांधे घासून, साफ करून मग कोटिंग करणार का? आणि पाइपांची तोंडं कशाने बंद करणार? प्लॅस्टिकच्या टोप्या लावल्या तर खारा ओलावा आत जातो, पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग शेवटपर्यंत छान दिसतो. तोंडं पत्रा वेल्ड करून बंद करायला हवीत. कोटिंगवर एक ओरखडा पुरतो, मग गंज रंगाच्या खालून सरकतो. लोखंडच करायचं ठरलं तर सांगाडा पूर्ण झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून घेणं सगळ्यात चांगलं. मात्र त्यासाठी पाइपांना हवेची भोकं आधीच ठेवावी लागतात, नाहीतर तापलेल्या जस्तात बंद पाइप फुटू शकतो. ती भोकं नंतर बुजवून घ्यायची. हे करणारा कारखाना जवळपास नसेल तर झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर दोन घटकांचा इपॉक्सी रंग.

स्टीलचं करून देतो, असंही तो म्हणेल. विचारा कुठलं. २०२ तर नकोच. ३०४ वर मिठाने तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते क्लोराइडला बरंच टिकतं, पण अख्ख्या स्टँडला तो खर्च मला पटत नाही. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०२ ला चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही, मग ओळखणार काय?

एक पर्याय तुम्हाला कोणी सुचवलेला दिसत नाही. स्वयंपाकघराचा ओटा करणारा गवंडी. खाली उभ्या कडप्प्याचे आधार, वर ग्रॅनाइट, भिंतीत पकडलेलं. पाणी, मीठ, वाळवी, कशाचंच भय नाही. तळमजल्यावर, स्वतःच्या घरात, टाकी कायम तिथेच राहणार असेल तर मी दुसरं काही सुचवलं नसतं. तिसऱ्या मजल्यावर मात्र दगडाचं वजन त्या पावणेपाचशे किलोंवर चढतं. शिवाय टाकी हलवायची झाली तर ओटा फोडावा लागेल. तुमच्यासाठी नको. पण त्या गवंड्याकडून एक गोष्ट घ्या, ती खाली सांगते.

मग माझं मत सुताराच्या बाजूने, पण माझ्या अटींवर. १९ मिलिमीटरचा ७१० प्लाय, ८ बाय ४ च्या दोन शीट दारांसह पुरतील. पहिली अट, वजन स्क्रूवर यायला नको. वरची फळी बाजूच्या उभ्या फळ्यांच्या डोक्यावर बसली पाहिजे, त्यांच्या मध्ये स्क्रूने टांगलेली नको. आपल्याकडचे सुतार कपाटं दुसऱ्या पद्धतीने करतात, कारण तसं सांधे दिसत नाहीत. कपड्यांच्या कपाटाला ते ठीक आहे. इथे प्रत्येक किलो लाकडावरून लाकडात आणि लाकडातून जमिनीत गेला पाहिजे, स्क्रूने फक्त तुकडे जागेवर धरायचे.

दुसरी, मधली फळी बरोबर मधोमध नको. चार फुटांपैकी तीन फूट सम्पला, एक फूट विजेला. मधली फळी सलग, वरपासून खालपर्यंत, भोक फक्त वायरींपुरतं आणि तेही वरच्या बाजूला. यामुळे एकाच फळीत दोन कामं होतात, वरचा भार वाटला जातो आणि प्लग ओल्या बाजूपासून वेगळे राहतात. तीन फुटी बाजूला वरची फळी वाकू नये म्हणून पुढे आणि मागे दोन प्लाय चिकटवून केलेली, पाच इंच उंचीची उभी पट्टी फळीखाली द्या. या पट्टीची टोकंसुद्धा खाली लाकडावर टेकलेली हवीत. मागच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात प्लाय बसवा, खालचा अर्धा उघडा ठेवा. मागे काहीच नसेल तर तिन्ही उभ्या फळ्या बाजूने ढकलल्या की तिरक्या होऊ शकतात. नुसतं ओझं पेलणं वेगळं आणि घरात पळणाऱ्या मुलाचा धक्का सोसणं वेगळं.

मापं घेताना आधी सम्प आणि स्किमर हातात घ्या, मग सुताराला आकडे द्या. उलट क्रमाने केलं की स्किमर आत बसतो पण त्याचा कप वर काढायला जागा उरत नाही, आणि तो कप आठवड्यातून दोनदा तरी काढून धुवायचा असतो. सम्प पुढच्या दारातून आत-बाहेर जायला हवा, तोही वरची टाकी भरलेली असताना. मधे दारासाठी उभी पट्टी मारून सुतार नेमकी ही वाट बंद करतो. उंची अडीच फुटांच्या वर, तीन फुटांच्या आत. मुलीला खुर्चीवर न चढता टाकी दिसेल आणि तुम्हाला आत वाकून हात घालता येईल.

तिसरी अट कडांची. जोडणीआधी प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक भोक दोन घटकांच्या इपॉक्सीने दोन वेळा भिजवून घ्या. सुतार म्हणेल सनमायका लावला की झालं. सनमायका चपट्या भागाचं रक्षण करतो, कडेचं नाही. आत सगळीकडे पांढरा इपॉक्सी रंग द्या. पांढरा अशासाठी की गळती आणि गंजाचा ओघळ लगेच दिसतो. गोंद पाण्यात न सुटणारा मरीन ग्रेडचा. स्क्रू स्टीलचे, ३०४ चालतील. जिप्समच्या कामाचे ते काळे स्क्रू सुतारांच्या डब्यात कायम असतात, ते एकही नको. ते ठिसूळ असतात आणि मिठात लवकर गंजतात. बिजागऱ्या तर लावूच नका. दारं उचलून काढता येतील अशी, खाली खाचेत बसणारी करा. या दारांसाठी हवं तर डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिळून केलेला बोर्ड घ्या, त्याला पाण्याने काही होत नाही. भार घेणाऱ्या भागांत मात्र तो नको, स्क्रू त्यात नीट धरत नाही आणि वजनाखाली तो हळूहळू वाकतो.

सम्पच्या बाजूचा तळ म्हणजे एक उथळ ट्रे करा. चारही बाजूंनी दोन इंचाची पट्टी, कोपऱ्यांत सिलिकॉन. तीन बाय दीड फुटांत एवढ्या उंचीवर वीस लिटर पाणी मावतं. सम्प आत बसला की त्याने व्यापलेली जागा त्यातून जाते, पण स्किमर उतू गेला, पाइपाचा सांधा झिरपला, तर आलेलं पाणी जमिनीवर न जाता तुमच्या नजरेस पडतं.

आणि गवंड्याकडून घ्यायची ती गोष्ट, कडप्प्याच्या दोन इंची पट्ट्या. स्टँडच्या तळाखाली, बाहेरच्या कडेने आणि मधल्या फळीखाली सलग बसवा. आपल्याकडे रोज फरशी पुसली जाते. ओलं फडकं रोज तळाच्या कडेला लागतं, आणि टाकीने केलं नसेल तेवढं नुकसान हे फडकं करतं. पट्ट्यांमुळे लाकूड फरशीपासून वर राहतं आणि भार चार पायांवर न येता लांबीभर पसरतो. तिथल्या फरश्या आधी नाण्याने वाजवून बघा. एखादी पोकळ वाजली तर ती काढून नीट बसवून घ्या.

हवेचं सांगते. मागचा अर्धा भाग उघडा ठेवला तरी भिंतीपासून चार बोटं अंतर हवं. सम्पच्या बाजूला वर एक छोटा, संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा पंखा, आतली हवा बाहेर फेकणारा. तो मिठाने मरतो, पण स्वस्त असतो, बदलत राहा. आणि आठवड्याला एकदा साध्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने आतून पुसणं. कोरड्या फडक्याने मीठ फक्त इकडचं तिकडे होतं.

विजेत काटकसर नको. या टाकीच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट बघतो, माणसाला बसणारा शॉक तो थांबवत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कोरड्या खणात उभ्या फळीवर, तळाला कधीच नाही. प्रत्येक वायर प्लगच्या पातळीखाली झोका घेऊन मग वर चढू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब झोक्यातून खाली पडतो, प्लगमध्ये जात नाही.

डोंबिवलीत वीज जाते, तेव्हा हेही. पंप बंद पडला की वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली सम्पमध्ये येतं. तुमच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेपाच लिटर. तीन सेंटिमीटर उतरली तर सोळा-सतरा. एवढी रिकामी जागा सम्पमध्ये कायम असली पाहिजे. पंप मुद्दाम बंद करून बघा, पाणी जिथे थांबेल त्यावरून हिशोब करून सम्पवर नेहमीच्या पातळीची रेघ मारा आणि त्या रेघेच्या वर कधी भरू नका. सम्पमधलं पाणी वर आणणाऱ्या रिटर्न पाइपाचं तोंड टाकीच्या पाण्यात खोल असेल तर सायफन लागून, म्हणजे पाणी त्याच पाइपातून उलटं खाली ओढलं जाऊन, सगळा हिशोब फसतो. तोंड पृष्ठभागाजवळ ठेवा.

वाढदिवसाबद्दल. सुताराला आठवडा, इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला आणखी आठवडाभर धरा. त्यात घाई करून ओल्या रंगावर टाकी ठेवू नका. तशीही मासे आणायची घाई करता येणार नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी सोडलेले क्लाउनफिश तगायची शक्यता कमी. मुलीला आत्ताच सांगा की त्या दिवशी टाकीत पाणी, वाळू आणि दगड असतील. आणि दगड म्हणजे दुकानातले कृत्रिम किंवा सिरॅमिकचे. मालवणहून कोणी प्रवाळाचे तुकडे आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ आहेत, वाघाच्या बरोबरीने.

स्टँड जागेवर आला की वरची फळी पाणसळीने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर तपासा. कर्ण विसरू नका. फळीला पीळ असेल तर लांबी-रुंदी बरोबर दिसते आणि काच मात्र कोपऱ्यावर ताणली जाते. फरक असेल तर प्लॅस्टिकच्या पाचरी कडप्प्याच्या पट्टीखाली द्यायच्या, टाकी आणि स्टँड यांच्या मध्ये कधीच नाही. पुठ्ठ्याच्या घड्या तर कुठेच नाही. तुमच्या टाकीला खालून प्लॅस्टिकची चौकट नसेल, तळाची काच सपाट असेल, तर खाली दहा मिलिमीटरचा फोम किंवा थर्माकोलची सलग शीट द्या. चौकट असेल तर शीट नको. शीट वाळूच्या कणाएवढी उंचसखल झाकते, वाकडी फळी नाही.

शेवटी टाकी नळाच्या साध्या पाण्याने भरा आणि दोन दिवस तशीच ठेवा. टाकी वापरलेली आहे, जुना सिलिकॉन कुठे सुटला असेल तर आत्ताच कळू दे. चारही कोपऱ्यांत पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंतचं अंतर मोजा, दोन दिवसांनी पुन्हा मोजा. तीन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर टाकी रिकामी करून पाचरी नीट करा, भरलेल्या टाकीखाली पहार घालून उचलायचा प्रयत्न करू नका. उपसलेलं पाणी कुंड्यांना घाला. मीठ पडल्यावर ती सोय राहणार नाही.